डाएट सोडल्यानंतरचा आहार: आधी नियमित, मग पुरेसा, सकस त्यानंतर

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे हे इतर वाचकांनाही कळेल. विशीच्या सुरुवातीपासून तुम्ही एकामागून एक डाएट करत आलात. त्यातून पुढे दिवसभर जेमतेम खायचे, रात्री खा-खा सुटायची आणि मग उलटी करून सगळे बाहेर काढायचे, असे चक्र काही वर्षे चालले. मानसोपचाराने उलट्या थांबल्या, त्यालाही आता बरेच महिने झाले. त्यानंतर तुम्ही डाएट कायमचे सोडले आणि यापुढे फक्त सकस खायचे असे ठरवले. साखर, मैदा आणि तळलेले पदार्थ घरातून काढून टाकले, कॅलरी मोजणारे ॲप काढून प्रथिने मोजणारे ॲप घेतले, रात्री सातनंतर तोंडात काही घालायचे नाही असा नेम केला. काही आठवडे उत्तम गेले. मग एका वाढदिवसाला केकचा तुकडा खाल्ला गेला आणि त्या रात्री घरात होते नव्हते ते सगळे तुम्ही उभ्या उभ्या संपवले. उलटी केली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही खाल्लेही नाहीत. तुम्ही विचारता की सकस खाण्याइतकी साधी गोष्ट मला का जमत नाही, आणि डाएट नसेल तर वजन हाताबाहेर जाणार नाही याची खात्री काय.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि खाण्याच्या विकारांतून बाहेर येणाऱ्या लोकांबरोबर, मानसोपचारतज्ज्ञांच्या जोडीने, बरीच वर्षे काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुम्ही डाएट अजून सोडलेले नाही. फक्त या वेळचे डाएट वजनाच्या नावाने न करता आरोग्याच्या नावाने चालले आहे. विकारानंतर आहार मार्गी लावण्याला एक क्रम असतो. आधी तो नियमित व्हावा लागतो, मग पुरेसा, मग कोणत्याही पदार्थाची भीती न उरलेला, आणि सकसपणाचा बारकाईने विचार करण्याची वेळ त्यानंतर येते. तुम्ही शेवटची पायरी आधी चढायला गेलात. तिन्ही खालच्या पायऱ्या रिकाम्या असताना कोणाचीही इच्छाशक्ती तिथे फार काळ टिकत नाही, आणि न टिकण्याची कारणे चारित्र्यात नसून शरीरात असतात, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी उपासमारीचा एक प्रयोग केला. शस्त्र हाती घेण्यास तत्त्वतः नकार दिलेले ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले होते, आणि शरीराने व मनाने निरोगी आहेत हे पाहूनच त्यांची निवड झाली होती. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. अपेक्षित होते ते झालेच: थंडी वाजणे, थकवा, नाडी मंदावणे. पण ज्यांना पूर्वी स्वयंपाकाचे सोयरसुतक नव्हते असे तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटातले अन्न पुरवून पुरवून तासन् तास खाऊ लागले, कॉफी आणि च्युइंगगमवर दिवस काढू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. काहींनी नियम मोडून चोरून खाल्ले आणि नंतर स्वतःला दोष दिला. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागले तेव्हाही त्यांच्यापैकी काही जण प्रचंड खाऊनही तृप्त होत नव्हते आणि ही अवस्था कित्येक महिने राहिली. यांपैकी कोणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तुम्ही ज्या वागण्याला स्वतःची दुर्बलता म्हणता ते बहुतांशी अर्धपोटी राहिलेल्या माणसाचे वागणे आहे, मग ते अर्धपोटी राहणे युद्धामुळे असो, प्रयोगामुळे असो किंवा आरोग्याच्या निश्चयामुळे.

केकच्या एका तुकड्याने संपूर्ण रात्र का कोसळली, याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगात आहे. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिले आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. ज्या मुली खाण्यावर बंधने घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, कारण पोट भरले होते. ज्या डाएटवृत्तीच्या होत्या त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेला, उद्यापासून पुन्हा कडक राहू, हा विचार त्यामागे असतो. तुम्हाला हा विचार पाठ असेल. उद्यापासून हे पदार्थ पुन्हा मिळणार नाहीत ही जाणीव त्यात तेल ओतते. केकवर बंदी नसती तर एक तुकडा हा एक तुकडाच राहिला असता. बंदीमुळे तो पराभव ठरला.

शरीराच्या बाजूनेही हे एकदोन दिवसांत विसरले जात नाही. प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अतिशय कमी ऊर्जेच्या आहाराने वजन उतरवलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेले आणि तृप्तीशी संबंधित लेप्टिन घटलेले आढळले, आणि वर्षभरानंतरही ते पूर्वपदावर आलेले नव्हते. वारंवार डाएट केलेल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त भूक लागते अशी तक्रार मी नेहमी ऐकते, आणि ती खरी असते असे मानूनच मी पुढची आखणी करते.

आता क्रमाकडे येते. पहिली पायरी नियमितपणाची. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी, म्हणजे खा-खा आणि मग उलटी किंवा उपास करून भरपाई या विकारासाठी, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी जी उपचारपद्धत विकसित केली तिच्यातही सुरुवात इथूनच होते, आणि माझ्या मते त्या पद्धतीतील सर्वांत कमी आकर्षक पण सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन किंवा तीन लहान खाणी, दोन खाण्यांत तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही, आणि हे सर्व भूक असो वा नसो. शेवटची अट लोकांना विचित्र वाटते, कारण भुकेचे ऐका, पोट भरले की थांबा, हा सल्ला त्यांनी सगळीकडे वाचलेला असतो. तो सल्ला चांगला आहे, पण तुमच्यासाठी अजून वेळ आहे. ज्या शरीराने अनेक वर्षे उपास आणि अतिरेक यांचे हेलकावे खाल्ले आहेत त्याचे भुकेचे आणि तृप्तीचे संकेत बेभरवशाचे झालेले असतात: सकाळी भूकच लागत नाही, आणि रात्री लागते ती भागतच नाही. प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्या पायाला आधी फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढीच पावले टाकावी लागतात, मनाला येईल तसे धावता येत नाही, तसेच हे आहे. घड्याळाप्रमाणे खाण्याचे काही आठवडे, कधी काही महिने गेल्यावर सकाळी पोटात भूक जाणवू लागते, आणि ती जाणवली की संकेत परत येऊ लागले असे समजावे.

नियमितपणाची खरी परीक्षा अतिरेकानंतरच्या सकाळी असते. त्या रात्रीनंतर तुम्ही दुपारपर्यंत काही खाल्ले नाहीत, आणि तुमच्या पत्रातील हीच एक गोष्ट मला केकपेक्षा कितीतरी अधिक काळजीची वाटली. रात्री कितीही खाल्ले गेले असले तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी नेहमीच्या वेळी आणि नेहमीएवढी झालीच पाहिजे. भूक नसेल, छातीवर दडपण असेल, स्वतःचा संताप येत असेल, तरीही. भरपाई म्हणून वगळलेले प्रत्येक खाणे पुढच्या रात्रीच्या अतिरेकाची तयारी असते. याच कारणासाठी सातनंतर न खाण्याचा नेम आजपासून सोडून द्या. संध्याकाळी लवकर जेवून उशिरापर्यंत जागणाऱ्या माणसाला झोपण्यापूर्वी एका लहान खाण्याची गरज असते, आणि ते ठरवून खाल्ले तर स्वयंपाकघरात अंधारात उभे राहून खायची वेळ सहसा येत नाही. दुसऱ्या दिवशी काय आणि कधी खायचे हे आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवले तर आणखी बरे, कारण भूक लागलेली असताना आणि मन अस्वस्थ असताना घेतलेले निर्णय जुन्या वळणाने जातात.

या काळात पोट कुरकुर करते. थोडे खाल्ले तरी पोट तट्ट फुगते, गॅस होतात, शौचाला साफ होत नाही, घोट्यांवर सूज येते. दीर्घकाळ कमी खाल्लेल्या माणसाचे जठर रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून पोटाच्या या तक्रारी होतात, आणि नियमित खाण्यानेच त्या हळूहळू सुधारतात. लोक नेमके उलट करतात: पोट फुगले म्हणून खाणे कमी करतात. आणखी एक गोष्ट सकस आहाराच्या उत्साहात हमखास घडते. ताटाचा निम्म्याहून अधिक भाग कच्च्या भाज्यांनी भरला जातो, कोंडायुक्त पदार्थ वाढतात, आणि आधीच मंद असलेले पोट तंतुमय पदार्थांनी इतके भरते की पुरेशी ऊर्जा जाण्यापूर्वीच जेवण थांबते. सुरुवातीच्या काळात मी भाज्या शिजवलेल्या आणि मोजक्या ठेवायला सांगते, आणि कमी आकारमानात जास्त ऊर्जा देणारे पदार्थ वाढवायला सांगते. बिनसाखरेची च्युइंगगम आणि गोळ्या बंद करायला सांगते, कारण त्यांतील सॉर्बिटॉलने गॅस आणि जुलाब होतात. भूक मारण्यासाठी घेतलेली कॉफी आणि ढोसलेले पाणी यांनाही या टप्प्यात जागा नाही.

इथे एक वैद्यकीय इशारा द्यायलाच हवा. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणी दीर्घकाळ अत्यल्प खाल्ले असेल, किंवा अलीकडे त्याचे वजन झपाट्याने उतरले असेल, तर त्याने खाणे एकदम वाढवू नये. अशा अवस्थेत पुन्हा अन्न सुरू झाले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि त्याचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. तिथे रक्ततपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने खाणे वाढवावे लागते. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुम्ही त्या अवस्थेत दिसत नाही, तरी एकदा रक्तदाब, नाडी आणि रक्तातील क्षार तपासून घ्या. वारंवार उलट्या केलेल्या व्यक्तीने दंतवैद्यालाही ती गोष्ट मोकळेपणाने सांगावी. पोटातल्या आम्लाने दातांचे आवरण झिजते आणि दंतवैद्याला ते बहुधा तुम्ही सांगण्याआधीच दिसते.

दुसरी पायरी पुरेशा आहाराची. पुरेसे म्हणजे किती, हे मी आकड्यात मुद्दाम सांगत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे कॅलरी मोजल्या त्यांच्या हाती कोणताही आकडा दिला की तो दोन दिवसांत कमाल मर्यादा बनतो आणि त्याच्या आत राहण्याची शर्यत सुरू होते. प्रथिने मोजणारे तुमचे ॲपही त्याच कारणासाठी काढून टाका. प्रथिनांत काही वाईट नाही, पण मोजण्याची सवय एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली एवढेच त्याने घडते. आकड्याऐवजी ताटाची रचना पाहा. प्रत्येक मुख्य जेवणात पिष्टमय पदार्थ, प्रथिनयुक्त पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ हे तिन्ही असावेत, आणि पहिल्याचा वाटा नगण्य नसावा. मेंदूला शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा लागते आणि त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी आहारात स्निग्धांश लागतो. डाएटच्या लाटांनी कधी एकाला तर कधी दुसऱ्याला खलनायक ठरवले, आणि ज्यांनी सर्व लाटा अनुभवल्या त्यांच्याकडे शेवटी खायला काकडी आणि अपराधीपणा एवढेच उरते.

आहार अजून अपुरा आहे हे शरीर आपणहून सांगते. इतरांना उकडत असताना थंडी वाजते, केस गळतात, मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, पहाटे तीन-चारला जाग येते आणि मनात अन्नाचेच विचार असतात. यांपैकी शेवटचे लक्षण मी सर्वांत जास्त महत्त्वाचे मानते. दिवसातला किती वेळ तुम्ही पुढच्या खाण्याचा, मागच्या खाण्याचा, इतरांच्या ताटातल्या खाण्याचा विचार करता? तो वेळ कमी होत असेल तर आहार पुरेसा होऊ लागला आहे. वजन सामान्य किंवा जास्त असलेली व्यक्तीही अपुरे खात असू शकते, हे इथे ठासून सांगते, कारण नेमक्या याच व्यक्तींना त्यांचे उपाशी राहणे कौतुकाचे म्हणून सांगितले जाते.

तिसरी पायरी सर्वांत अवघड, आणि बहुतेक जण ती टाळून थेट चौथीवर उडी मारतात. ज्या पदार्थांवर तुम्ही बंदी घातली आहे ते परत आणायचे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी बंदीतल्या पदार्थांची यादी भीतीच्या क्रमाने लिहायला सांगते आणि सर्वांत कमी भीतीच्या पदार्थापासून सुरुवात करते. तो पदार्थ कडकडून भूक लागलेली असताना खायचा नाही. जेवणाबरोबर किंवा ठरलेल्या लहान खाण्यात, बसून, शक्यतो विश्वासातल्या माणसाबरोबर खायचा. महत्त्वाचे म्हणजे तो एकदाच खाऊन थांबायचे नाही. लिओनार्ड एपस्टाइन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच पदार्थ काही स्त्रियांना रोज आणि काहींना आठवड्यातून एकदा दिला गेला. रोज मिळालेल्या गटाचे त्या पदार्थाचे आकर्षण लवकर ओसरले आणि त्यांचे खाणेही कमी झाले. नवलाई बंदीने टिकते आणि सवयीने जाते. आठवड्यातून एक दिवस सर्व मोकळे सोडणारा चीट डे म्हणूनच मला मान्य नाही: त्यात उरलेले सहा दिवस बंदी शाबूत राहते आणि सातव्या दिवशीचा अतिरेक अधिकृत होतो. मात्र ही पायरी पहिल्या दोन पायऱ्या पक्क्या झाल्याशिवाय चढू नका. दिवसभर अर्धपोटी राहून रात्री भीतीचा पदार्थ समोर ठेवला तर अतिरेक जवळजवळ ठरलेला असतो, आणि त्यातून तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल की हा पदार्थ मला झेपत नाही.

उलट्या बंद झाल्यावर किती काळाने हे सुरू करावे, याला ठराविक उत्तर नाही. ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून ठरवा. भीतीचा पदार्थ खाल्ल्यावरचा तास-दीड तास काय करायचे, कोणाशी बोलायचे, हे आधी ठरलेले असावे.

यानंतर सकस आहार. सकसपणाला माझा विरोध असता तर मी हा व्यवसाय केला नसता. पण सकस आहाराबद्दलचे सार्वजनिक सल्ले ज्या प्रकारचे असतात ते समजून घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या, ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा पदार्थांत घातलेल्या तसेच मध, पाक व फळांच्या रसांतील साखरेतून, अशी शिफारस करते. हे आकडे मी देते आहे ते त्यांचे स्वरूप दाखवण्यासाठी: संपूर्ण समाजाच्या दीर्घकाळच्या सरासरीसाठी केलेल्या या शिफारशी आहेत. एका ताटाची, एका दिवसाची किंवा एका माणसाच्या लायकीची परीक्षा त्यांनी घ्यायची नसते. साखर १० टक्क्यांच्या आत ठेवा या वाक्यातही साखर असते. शून्य साखरेचा नेम त्या शिफारशीतून निघत नाही, तो तुम्ही स्वतः वाढवलेला आहे.

सकस खाण्याच्या ध्यासाचे रूपांतर विकारात होऊ शकते हे स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये मांडले आणि त्याला ऑर्थोरेक्सिया असे नाव दिले. मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात, म्हणजे २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान नाही, पण माझ्यासमोर बसणाऱ्या लोकांत तो चेहरा मला वारंवार दिसतो, आणि विशेषतः ज्यांनी आधी बुलिमिया किंवा ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने स्वतःची उपासमार करण्याचा विकार) अनुभवला आहे त्यांच्यात. त्याचे कारण सरळ आहे. वजनासाठी उपाशी राहणाऱ्याला कोणीतरी टोकते. आरोग्यासाठी पदार्थ सोडणाऱ्याची मात्र सगळे पाठ थोपटतात.

मग निरोगी काळजी आणि वेशांतर केलेले डाएट यांतला फरक ओळखायचा कसा? ताटाकडे पाहून तो कळत नाही, कारण दोन्ही ताटे सारखीच दिसू शकतात. ठरवलेले बिनसले की काय होते, यावरून कळतो. प्रवासात हवे ते मिळाले नाही, कोणी आग्रहाने वेगळेच वाढले, भाजी आणायची राहून गेली, तर जी व्यक्ती मिळेल ते खाऊन पुढच्या कामाला लागते तिचा आहार सकस आहे. जी उपाशी राहते, किंवा खाऊन रात्रभर हिशेब करते, किंवा निमंत्रणच टाळते, तिचा आहार कितीही पौष्टिक असला तरी तो अजून विकाराच्या ताब्यात आहे. तुम्ही त्या वाढदिवसाला जावे की नाही याचा दोन दिवस विचार केलात असे लिहिले आहे. ते पुन्हा वाचा.

व्यवहारात मी या टप्प्यावर काढून टाकण्याचे काही सांगत नाही, घालण्याचे सांगते. न्याहारीत फळ नाही, तर फळ घाला. संध्याकाळच्या खाण्यात प्रथिने नाहीत, तर मूठभर दाणे किंवा एखादा दुधाचा पदार्थ घाला. आठवडाभर एकच भाजी झाली, तर दुसरी आणा. चवीला आवडत नसलेला पदार्थ केवळ गुणकारी म्हणून खाऊ नका, त्या गटात आवडणारा दुसरा नक्की असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा सिलिॲक (गहू वगैरे धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन न सोसणारा आतड्याचा आजार) यांसारखे निदान असेल तर काही बंधने अपरिहार्य असतात, आणि तिथे सर्वसाधारण उत्तर कामाचे नाही. ती बंधने कमीत कमी ठेवून कशी पाळायची हे दोन्ही विषय जाणणाऱ्या तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. निदान नसताना स्वतःच ठरवलेली ग्लुटेनची किंवा दुधाची ॲलर्जी मात्र मी नेहमी तपासून पाहते, कारण पदार्थ सोडण्याचे ते फार प्रतिष्ठित निमित्त असते.

वजनाचे काय? खात्री मागितलीत, ती कोणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. आहार नियमित झाल्यावर कोणाचे वजन वाढते, कोणाचे आहे तिथेच राहते, रात्रीचे अतिरेक थांबल्याने कोणाचे काहीसे कमीही होते. तुमचे काय होईल हे तुमचा वजनाचा पूर्वेतिहास, अनुवंश आणि आतापर्यंतचे उपास यांवर अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यांत काटा वर गेला तर तो मेदच आहे असे मानू नका. शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने पिष्टमय पदार्थ साठवते आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे उपास सोडल्यावर दोन-चार दिवसांत एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. डाएटच्या पहिल्या आठवड्यात भराभर उतरणारे वजनही बरेचसे हेच पाणी असते, आणि डाएट विकणाऱ्यांचा सगळा धंदा त्या पहिल्या आठवड्यावर चालतो.

रोज वजन करणे थांबवा. उपचार चालू असतील तर आठवड्यातून एकदा, उपचार करणाऱ्याच्या समोर वजन करावे आणि एका आकड्यावरून कोणताही निष्कर्ष न काढता काही आठवड्यांचा कल पाहावा. वजन कमी करण्याचे उद्दिष्ट निदान खाणे स्थिर होईपर्यंत तरी पूर्ण बाजूला ठेवा. दोन्ही एकाच वेळी साधायचे म्हणणाऱ्या कोणालाही मी होकार देत नाही, मग तो आग्रह त्यांच्या दुसऱ्या डॉक्टरांचा का असेना. अशा वेळी त्या डॉक्टरांना खाण्याच्या विकाराचा पूर्वेतिहास माहीत आहे का, हे मी आधी विचारते, आणि बहुतेकदा तो सांगितलेलाच नसतो.

व्यायामाबद्दल एवढेच सांगते की खाल्लेले जाळण्यासाठी केलेला व्यायाम हाही भरपाईचाच प्रकार आहे. आजारी असताना किंवा दुखत असताना व्यायाम चुकवला तर अपराधी वाटत असेल, तर काही काळ तो थांबवून बघा आणि मनात काय उसळते ते मानसोपचारतज्ज्ञाला सांगा.

घरच्यांचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. तब्येत सुधारली, आता चेहऱ्यावर तेज आले, असे कौतुकाने म्हटलेले वाक्य विकारातून उठणाऱ्या माणसाला जाड झालीस असे ऐकू येते, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. जवळच्या एका-दोघांना स्पष्ट सांगा की माझ्या शरीराबद्दल, चांगले किंवा वाईट, काहीच बोलू नका. माझ्या ताटावर लक्ष ठेवू नका. पण शक्य असेल तेव्हा माझ्याबरोबर जेवा. सर्वांना समजावण्याच्या भानगडीत पडू नका.

अतिरेक पुन्हा होईल हे गृहीत धरा. अधूनमधून एखादा होत असेल आणि त्यानंतरचे खाणे वेळेवर होत असेल तर गाडी रुळावर आहे. आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा, सलग काही आठवडे होत असेल, उलट्या, रेचके किंवा उपास परतले असतील, तर वाट न पाहता उपचार पुन्हा सुरू करा. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा जीव द्यावासा वाटणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

तुम्हाला आहारतज्ज्ञाची जोड हवी असे मला वाटते, पण निवड जपून करा. पहिल्याच भेटीत वजन करून कॅलरीचा तक्ता हाती देणारा, आधी आणि नंतरची छायाचित्रे भिंतीवर लावणारा किंवा अमुक दिवसांत अमुक किलोचे वचन देणारा तज्ज्ञ तुमच्या कामाचा नाही, मग इतरांसाठी तो कितीही चांगला असो. खाण्याचे विकार असलेल्या लोकांबरोबर काम केले आहे का आणि माझ्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायची तयारी आहे का, हे दोन प्रश्न भेट ठरवतानाच विचारा. जाताना एका आठवड्याची नोंद बरोबर न्या: किती वाजता, कुठे, साधारण काय खाल्ले, आणि खाण्यापूर्वी मनात काय चालले होते. प्रमाण, कॅलरी आणि वजन यांचे रकाने त्यात नकोत, आणि अतिरेकाच्या रात्रीचे पानही फाडू नका.